बसवनगुडीतील मारहाणीच्या दोन्ही तक्रारी आपसात न मिटवण्याबाबत

प्रति,
मा. तपास अधिकारी,
पोलीस ठाणे, दक्षिण विभाग,
बेंगळुरू.

विषय: मारहाणीच्या परस्परविरोधी दोन्ही तक्रारी मागे न घेता पुढे चालवण्याबाबत.
संदर्भ: समेटासाठी हजर राहण्याची आपली सूचना.

महोदय,

अर्जदार निवेदिता राव, राहणार जे. पी. नगर, ही फिजिओथेरपिस्ट असून वृद्ध रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. तिच्या उजव्या हाताची बोटे प्लास्टरमध्ये असल्याने तिने सांगितलेला मजकूर तिची आत्या वसुमती हिने लिहिला आहे. आपण निपाणीकडचे, मराठी वाचता, असे समजले; कन्नड प्रत सोबत आहे.

निवेदिता कामाला विजेच्या स्केटबोर्डवर जाते. हेल्मेट, मनगटाची व गुडघ्यांची कवचे आणि मागचा लाल दिवा यांशिवाय ती निघत नाही. मोठा रस्ता आला की उतरते, बोर्ड काखेत मारते आणि चालत ओलांडते. ही सर्कस पुरे, असे आत्याने तिला अनेकदा सुनावले आहे, हेही नमूद करणे भाग आहे.

घटनेच्या सकाळी बसवनगुडीच्या एका आतल्या रस्त्याने ती डाव्या कडेने जात असता मागून काळी जीप आली. हॉर्न ऐकून ती थांबली व तिने पाय खाली टेकला. तरीही चालक यशोवर्धन याने बंपर तिच्या पोटरीला लावून तिला ढकलले. ती तोंडावर आपटली, हेल्मेट तडकले. तो खाली उतरला आणि "रस्ता काय तुझ्या बापाचा?" असे ओरडत त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. ती हात टेकून उठू लागताच त्याने बुटाची टाच तिच्या बोटांवर ठेवून फिरवली. हाडे मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. मनगटाचे कवच बोटांपर्यंत पोहोचत नाही. बघ्यांपैकी बरेच जण मोबाइल उंच धरून उभे होते.

पुढे आली ती एकटी गंगव्वा, कोपऱ्यावर फुले विकणारी म्हातारी. "बिडो यप्पा, सायताळ आकी!" म्हणजे सोड बाबा, मरेल ती, असे म्हणत तिने त्याचा दंड धरला. त्याने तिच्या डाव्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती दगडी कट्ट्यावर कोसळली आणि कानातून रक्त वाहू लागले. तो पुन्हा हात उगारून गंगव्वावर वाकला, तेव्हा निवेदिताने डाव्या हाताने बोर्ड उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो पडला.

तो पडलेला असताना, हात जोडत असताना, निवेदिताने दुसरा घाव त्याच्या जबड्यावर घातला. दात बाहेर आले. तिसऱ्यासाठी तिने बोर्ड उचललाच होता. एका रिक्षावाल्याने "अक्का, साकु, पुरे आता" म्हणत तिला मागून कवेत धरून ओढले, म्हणून तो घाव चुकला. हा मजकूर गाळावा म्हणून आत्या तिच्याशी भांडली. निवेदिता म्हणाली, "लिही. मला तेव्हा बरं वाटत होतं, तेही लिही." म्हणून लिहिले.

दोघांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्यानंतर यशोवर्धनचे काका आप्पाजी निवेदिताच्या घरी आले. "त्याचे दात गेले, हिची बोटं मोडली. पोरांचं भांडण, फिटलं. दोघांनी कागद मागे घ्यावेत," असे त्यांनी सुचवले. घरचे तयार झाले. आत्याही झाली. निवेदिताने विचारले, "आणि गंगव्वाचा कान?"

"ती आपली कोण लागते?" आप्पाजी म्हणाले.

निवेदिताने उठून दार उघडले आणि ते जाईपर्यंत धरून ठेवले.

गंगव्वाने भीतीपोटी तक्रार दिलेली नाही. दोन्ही तक्रारींत तिचे नावही नाही; आपल्या तक्रारीत ते राहून गेले, ही चूक निवेदिताला मान्य आहे. त्या सकाळची नोंद असलेले हे दोनच कागद फाटले, तर त्या बाईला कोणी मारलेच नव्हते असे होईल.

तरी विनंती की गंगव्वाचा जबाब घेऊन तिची मारहाण स्वतंत्र नोंदवावी. दुसऱ्या घावाबद्दल निवेदितावर जे कलम लागत असेल ते लावावे. तिला त्यातून सूट नको. बोर्ड रस्त्यावर चालवणे नियमात बसत नसेल, तर तेही तिच्या नावावर मांडावे.

समेटाच्या दिवशी निवेदिता हजर राहील, पण सही करणार नाही. बऱ्याच मनधरणीनंतर गंगव्वा तिच्यासोबत यायला तयार झाली आहे. तिला प्रश्न विचारताना कृपया तिच्या उजव्या बाजूला बसावे.

आपल्या न्यायबुद्धीवर भिस्त ठेवून,

निवेदिता राव (डाव्या हाताची सही)
मजकूर लिहिणार: वसुमती राव
बेंगळुरू, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत: कन्नड प्रत, निवेदिताच्या हाताचा एक्स-रे, गंगव्वाच्या कानाचा तपासणी अहवाल.