सुजाताच्या परवानगीवरची सही

दीपनगर, ९ डिसेंबर १९९१

सुकदेवदादा आणि वहिनींना विशाखाचा जयभीम.

आधी घडले ते सांगते.

१. सुजाताच्या शाळेत दोन बाहेरच्या बाई नाच शिकवायला येतात.
२. शुक्रवारी तिने घरी मला हात पसरून उभे केले. म्हणाली, "आत्या, हात हालवू नको, खिळे ठोकेल शेतस!" माझ्या हातांत खिळे ठोकलेले आहेत म्हणे.
३. शनिवारी मी शाळेत गेले. त्यातल्या एक बाई हसून म्हणाल्या, "येशूची गोष्ट आहे ताई, लपवायचं काय त्यात? तिच्या वडिलांची परवानगी आहे."

परवानगीच्या कागदावर फक्त 'नृत्य' लिहिले आहे. येशूचे नाव नाही. खाली तुमची सही आहे. कचेरीत इंजिनिअरांच्या ड्रॉइंगवरच्या सह्या तपासणे हे माझे रोजचे काम. तुम्ही 'सु'चा उकार लांब ओढता, यातला आखूड आहे.

सुजाता नीट जेवते, अभ्यासही करते. नाचताना इतकी खुशीत असते, की सही कोणी केली हे तिला विचारणे मी लांबवते आहे. वहिनींचा खोकला कमी झाला का?

बावीस तारखेला भुसावळला कार्यक्रम आहे. सही तुमची असेल तर मी स्वतः तिला घेऊन जाईन. नसेल तर तिला नाचू द्यायचे का, ते तुम्हीच सांगा. अठरा तारखेपर्यंत उत्तर हाती पडेल असे पाठवा.

तुमची बहीण,
विशाखा