गच्चीवरची डिश

अहो,

मी सकाळच्या शिफ्टला निघाले. तुम्हाला उठवलं नाही.

टीव्ही सुरू झालाय. काल दुपारी मी लवकर घरी आले, तेव्हा डिशवाला आला होता. बॉक्सवर सिग्नल आल्यावर म्हणाला, "वहिनी, साहेब वर टाकीच्या सावलीत डबा खात बसले होते, त्यांनीच डिश धरून दिली." मी म्हटलं, "हो, त्यांना रजा आहे." रात्री तुम्ही ऑफिसातल्या मीटिंगचं सांगत होतात, तेव्हा मी तुमचा डबा घासत होते.

नोकरी गेली असेल तर गेली. आज ताट वाढून ठेवलंय, घरात पंख्याखाली बसून जेवा. आणि तीन वाजता सोनूला शाळेतून तुम्हीच आणा. बाबा न्यायला आलेले बघून उड्या मारेल ती.

— आम्रपाली