एका घरचा माल

१ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. बॅग टाकली, तोंड धुतलं आणि सगळ्यात आधी ही डायरी ढापली. दुकानातलीच आहे. कोणीतरी कोरी टाकलेली, आणि साल इतकं जुनं की एकही वार जुळत नाही. छापलेले वार खोडून माझे घालतोय. जुन्या मालाच्या दुकानात नोकरीला लागलेल्या माणसाला असलीच शोभते.

बाबा गाडीत बसवताना म्हणाले, कॉलेज सोडलंस तसं हेही सोडलंस तर घरी येऊ नकोस. मी म्हटलं, नाही येत जा. गाडी सुटल्यावर वाटलं, जरा थांबून बोलायला हवं होतं. पण थांबून बोलणारा असतो तर सरांच्या टेबलावर उत्तरपत्रिका फाडून वर्गाबाहेर तरी कशाला पडलो असतो? आत्या मला लहानपणापासून काडेपेटी म्हणते. आज दारातच म्हणाली, या काडेपेटी, इथे सगळं सुती आणि कागदी आहे, बेतानं.

दुकान झकास आहे. पुढे कपडे: कोट, झगे, मखमली टोप्या. मधल्या खोलीत खेळणी: पत्र्याच्या मोटारी, एका डोळ्याच्या बाहुल्या, झुलता घोडा. मागे सणांच्या आराशीचं सामान: चकचकीत कागदाच्या माळा, पुठ्ठ्याच्या चांदण्या, कापसात ठेवलेले काचेचे रंगीत गोळे. दर्शनी काचेत चार बिनडोक्याचे पुतळे उभे. आत्या म्हणाली, घे, तुला सोबत.

रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान आहे. तिथली मुलगी काच पुसत होती. तोंडाची वाफ सोडायची, पुसायची, परत वाफ. मधेच मान वर करून तिनं इकडे पाहिलं. संपलं. मी या गावातून हलत नाही.

४ तारीख, गुरुवार

काम शिकतोय. कपडा आला की आधी काखेत बघायचं, मग कॉलरच्या घडीत, मग खिसे उलटे करायचे. आत्याला कोपर बघून माणूस कळतो. हा टेबलावर रेलणारा होता, म्हणते, आणि ही कायम पदर खोचल्यासारखी एक बाजू वर ओढणारी.

एक गोष्ट मात्र पटली नाही. एका घरचा माल ती एकत्र ठेवत नाही. नवऱ्याचा कोट या मांडणीवर, बायकोचा झगा त्या टोकाला, पोराची गाडी तिसऱ्याच खोलीत. कारण विचारलं तर म्हणाली, नातेवाईक काचेसमोर येऊन रडत बसतात, गिऱ्हाईक फिरकत नाही. मी म्हटलं, आत्या, गोळा करणाऱ्यांना संच हवा असतो, तू हातानं मोडतेस. ती म्हणाली, तू चड्डी ओली करत होतास तेव्हापासून मी दुकान चालवतेय.

दुपारी डोळे तपासून आलो. डोळे ठणठणीत आहेत. पण मुद्दाम सगळी अक्षरं चुकीची वाचली म्हणून चांगला अर्धा तास खुर्चीत बसायला मिळालं. चष्मेवाली गंभीर चेहऱ्यानं म्हणाली की इतकी अधू नजर असलेल्या माणसाला रस्ता कोणी ओलांडू दिला? ओळखलं तिनं. ओठ दाबून हसली. भाऊ-वहिनीकडे राहते. आई ती लहान असतानाच गेली.

७ तारीख, रविवार

आज एक घर रिकामं करायला गेलो. चढावरचं, बैठं, खिडक्यांना आतून कागद. घरमालकांचा पुतण्या किल्ली घेऊन दारातच थांबला, आत आला नाही.

आत सणाची आरास लागलेली. धूळ बसून माळा राखाडी झालेल्या, चांदण्यांचे कोन गळालेले. मी म्हटलं, यंदाची इतक्या लवकर? पुतण्या म्हणाला, यंदाची नाही, सोळा वर्षांपूर्वीची. मुलगी एका पोराबरोबर निघून गेली ऐन सणात. काकू म्हणाली, ती आली की उतरवू. मग काका गेले, धाकटा भाऊ तापानं गेला, गेल्या महिन्यात काकू. आरास तशीच. मुलगी आलीच नाही.

जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या, एक ओढून ठेवलेली. आणि काकूच्या पेटीत स्वेटर. सगळे पिवळे, पुढून बटणांचे, हातानं विणलेले, एकही न घातलेला. दर वर्षी पोरीसाठी एक विणायची, वय धरून माप वाढवत. मला एकदम गलबलून आलं. आणि राग आला. अरे, प्रेम केलं पोरीनं, खून नाही केला. आत्यानं मला ढोसलं, म्हणाली, बडबड कमी कर, पेटी उचल.

८ तारीख, सोमवार

आत्या मोठ्या विक्रीसाठी परगावी गेली, आठवडाभर. जाताना दोनदा बजावलं, चढावरचा माल वेगवेगळा लाव. मी मान डोलावली.

मान डोलावली म्हणजे ऐकलं असं कुठे आहे?

१० तारीख, बुधवार

काय काच सजवलीय मी! अख्खं घर उभं केलं. टेबल, चार खुर्च्या, वर त्यांच्याच माळा झटकून. काकांचा तपकिरी कोट एका पुतळ्याला, काकूचा हिरवा झगा दुसऱ्याला, बारक्या पुतळ्याला धाकट्याचा जांभळा सदरा, समोर त्याची चावीची आगगाडी. चौथी खुर्ची रिकामी ठेवली. सकाळपासून लोक थबकतायत. एक फोटोवाला येऊन फोटो काढून गेला. येऊ दे आत्याला.

आणि मोठी बातमी. पेटीतला वरचा, शेवटचा स्वेटर चष्मेवालीला दिला. तिनं तिथेच घातला. खांदे, बाह्या, सगळं माप घेऊन विणल्यासारखं. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलाय कोणीतरी. ती लाजली. दुकान बंद करताना मी झुलत्या घोड्याला सलाम ठोकला.

१२ तारीख, शुक्रवार

कोणीतरी खोडी काढतंय. काल हिरव्या झग्याची बाही मांडीवर होती, आज टेबलावर आहे, पलीकडच्या खुर्चीच्या दिशेनं. धाकट्याचं धड रस्त्याकडे वळलंय. किल्ली माझ्याच खिशात असते.

चष्मेवालीनं स्वेटर काल घरी जाताना काढला नाही, आजही तोच. उकडतंय चांगलं. विचारलं तर म्हणाली, काढून ठेवायला जिवावर येतं. जेवणाच्या सुट्टीत पूर्ण वेळ आमच्या काचेसमोर उभी होती, डबा हातात तसाच. मी शेजारी उभा आहे हे तिला बराच वेळ कळलंच नाही.

१४ तारीख, रविवार

तिच्या वहिनीनं मला रस्त्यात अडवलं. पोरीवर काय जादू केलीस म्हणून. घरी जेवत नाही, बोलत नाही, दादाला ओळखते न ओळखते. मी चिडलो.

संध्याकाळी तिला गाठलं. म्हटलं, स्वेटर दे परत. तिनं चष्मा काढला, माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली,

“आई म्हणते, तू आता आमच्याकडे येत जाऊ नकोस.”

आई नाहीये तिला. लहानपणीच गेलीय.

१५ तारीख, सोमवार

सकाळी काचेतली मांडणी मोडायला गेलो. कोटाची बटणं निघत नाहीत. ओढला तर पुतळा हलेना. पोकळ पुठ्ठ्याचा आहे तो, मीच एका हातात आणून ठेवलेला. आज जिवंत माणसाइतका जड. झग्याला हात लावला तर कापड आतून ऊबदार.

मी पळालो नाही. समोर उभा राहून चांगलं खडसावलं. म्हटलं, तुमची ती वेगळी, ही वेगळी. तुमची गेली ती तुमच्यामुळे गेली. आगगाडी सुरू झाली. चावी कोणी दिली नव्हती. गोल फिरत राहिली.

आत्याला फोन केला. तिनं असल्या शिव्या दिल्या की बाबांनीही कधी दिल्या नाहीत. म्हणाली, रडणाऱ्या नातेवाइकांचं तुला सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू मुद्दाम करून बघितलं असतंस. घर एकत्र लागलं की त्या घरची गेलेली माणसं रिकामी जागा भरतात. स्वेटर आहे तोवर पोर त्यांची. कात्री लावू नकोस. विणलेलं कापत नाहीत, उसवतात. शेवटचा टाका गळ्याशी असतो. मी उद्या संध्याकाळी पोचते, तोवर एकटा हात लावू नकोस.

उद्या संध्याकाळपर्यंत?

१६ तारीख, मंगळवार

सकाळी दुकान उघडलं. ती आत. चौथ्या खुर्चीत. दाराला कुलूप होतं.

हाक मारली. बघत नाही. तिचं बोट धरलं तर गार, गुळगुळीत, पुतळ्याच्या बोटासारखं. चेहरा अजून तिचा आहे. अजून.

आत्या संध्याकाळी येणार. मी थांबत नाही.

*

दुपार. शेवटचा टाका सापडला. कॉलरच्या आत, बारीक गाठ. दातानं सोडवली. ओढली, आणि सुटला. भराभर सुटतोय. कॉलर गेली. खांदे गेले. तिच्या मानेला रंग आला. डोळ्यांची उघडझाप केली.

हिरव्या बाह्या हलतायत. समोरासमोर धरल्यासारख्या. सुया दिसत नाहीत. आवाज येतोय. टक, टक.

*

उसवलेली लोकर खाली पडत नाहीये — कळलं मला आत्ता. माझ्या कमरेला पिवळी पट्टी. तिच्या अंगावरून जेवढी निघते तेवढी माझ्या अंगावर चढते. खालून वर.

बरं. चढू दे.

मी ओढणं थांबवलं तर तिथेच थांबेल, अर्धं तिच्यावर, अर्धं माझ्यावर. एवढं गणित मला येतं. थांबत नाही.

*

बाही चढली. डावा हात गार. उजवा हलता ठेवला की वीण मनगटाशी अडते, बोटांवर येत नाही — म्हणून लिहितोय. डाव्यानं ओढतोय, उजव्यानं लिहितोय. अक्षर गचाळ. असू दे.

तिनं विचारलं, मी इथे काय करतेय. आवाज तिचाच. म्हटलं, बोलू नकोस, बस. शेवटच्या चार ओळी आहेत.

कोट माझ्याकडे वळलाय. पूर्ण. त्यांना कळलंय मी कोण. पोरगी नेणारा.

हो. तोच.

*

सुटली. शेवटचा धागा तिच्या अंगावरून निघाला. तिला म्हटलं, पळ. ती जात नव्हती, माझी बाही धरून ओढत होती — ओरडलो तिच्यावर. पहिल्यांदाच. गेली. रडत गेली. रस्ता ओलांडला, चष्मा इथेच टाकून, धडपडत — वहिनी धावत आली — धरलं तिला. दिसली मला. पोचली.

काय हो काकू. पोर गेली परत. आता विणा काय विणायचं ते.

छातीपर्यंत आलंय. माप बसत नाही माझ्या अंगाला — आवळतंय — तरी विणतायत. आगगाडी पायाशी येऊन थांबली. धाकट्याला खेळायला हवंय का. मी नाही खेळत.

गळ्याशी —

शेवटचा टाका माझ्याही गळ्याशीच येणार ना. मग तो मला सापडेल. मान वळते अजून. दात आहेत. ती एक ओळ घालते, मी एक उसवतो. परत घालते, परत उसवतो. काडेपेटी म्हणतात मला. बघू या काकू, आधी कोण —