स्क्रीनवरची देवी

रविवार, संध्याकाळ

पाय दुखतायत. दिवसभर एकच वाक्य: "स्क्रीनला हात लावा, चित्र मोठं होईल." आपल्या संग्रहालयात माणसं चित्रांपुढं थांबत नाहीत, म्हणून हा टच-स्क्रीन आणला. हट्ट माझाच. आता थांबतात, पण स्क्रीनपुढंच.

दुपारी राजुरीच्या एक आजी आल्या. स्क्रीनवर देवीचं जुनं चित्र होतं. चपला त्यांनी दाराबाहेरच काढलेल्या. वाकून देवीच्या पायांना बोटं लावली, कपाळाकडं नेली आणि वर बघतात तर देवी नाही. बोट जरा सरकलं की पुढचं चित्र येतं. तिथं शर्यतीच्या घाटात धावणारे बैल!

"ताई, माझा हात लागला म्हनून गेली व्हय?" त्यांनी हात पदराखाली घेतला.

मी देवी परत आणून दाखवली. पटेना. काय सांगणार होते मी, सेटिंग आहे म्हणून? शेवटी आतल्या दालनात नेलं, खऱ्या चित्रापुढं. 'हात लावू नये' ही पाटी मीच लिहिलेली. तरी म्हटलं, "आजी, वर काच आहे. लावा हात, पडा पाया."

त्यांनी पदराखालचा हात काढलाच नाही.

"नगं बाई. ही तरी ऱ्हाऊ दे."