तुझ्या गाडीचे जादा दिवे

तहरीम, कल्पना कर, तू सायकलवर आहेस आणि समोरच्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत आलाय. काल मगरिबच्या नमाजानंतर, अंधार पडल्यावर, कुपवाड फाट्यावर तुझी वाट बघताना तुझ्याच गाडीच्या झोतानं माझं तसंच झालं. मी हात केला, तू पुढं निघून गेलीस. मी चरीत पडलो.

तुझ्या गाडीचे जादा दिवे आज पान्यानं खाली वळवलेत. गाडीसमोरच्या भिंतीवर खडूची रेघ ओढलीय, उजेड तिच्या खालीच राहू दे. समोरून कुणी आलं की ते बंद करत जा.

मी फिरदोसमावशीकडे आटपाडीला जातोय. कालवण झाकलंय, जेवून घे.

लहानपणी तू एकदा बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर मारलास. "नाना, डोळं का झाकलं?" मी म्हणालो, "स्वतःवर धरून बघ की." तू बॅटरी धरलीस, डोळे चोळलेस, मग उजेड माझ्या पावलांपुढं पाडून माझं बोट धरलंस.