गल्लीतली गुराब

१० ऑगस्ट, रविवार
आज सकाळी माझ्या आंघोळीच्या बादलीवर आरमाराचा कब्जा झाला. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या लातुरात गृहस्थाकडे उरलेली ही एकमेव निर्वेध मिळकत. तिच्यावरच्या अतिक्रमणाची नोंद कुठंतरी असावी म्हणून इथं करतो. बादलीत स्टीलचा उभट डबा तरंगत होता, शेजारी कन्या उकिडवी बसलेली.
"बाबा, बघा. रिकामा डबा आडवा होतो. तळाशी मूठभर तूरडाळ टाकली की ताठ उभा. जहाजाच्या तळात दगड भरायचे ते यासाठीच."
माझ्या आंघोळीचं काय, असं विचारलं तर तिनं डब्यात आणखी मूठभर डाळ टाकली.

मैत्रेयीची (पुढं नुसतं मै.) नौदलात निवड झालीय. अधिकारी म्हणून. चार वर्षं नांदेडला इंजिनिअरिंग केलं ते यासाठी, हे आम्हाला सगळ्यात शेवटी कळलं. ८ सप्टेंबरला निघायचं. एका कागदावर पालकाची सही हवी. "शंका फिटल्या की करतो," म्हटलं. कोणत्या शंका, ते तिनं विचारलं नाही. बरं झालं. अजून ठरवायच्या होत्या.

१२ ऑगस्ट
गणेश मंडळाचे अध्यक्ष बापू (डाळमिलवाले) घरी. यंदाचा देखावा : मराठा आरमाराची गुराब, म्हणजे तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज.
"गुरुजी, तुम्ही संस्कृतवाले. जहाजाचं समदं तुमच्याकडं."
संस्कृतात नौ, तरी, तरणी, पोत, प्लव, उडुप अशी होड्या-जहाजांची रांग आहे. पंचवीस वर्षं मी ती वर्गात पाठ करून घेतोय. त्यातल्या एकातही बसलेलो नाही. हे बापूंना सांगायचं राहिलं, आणि तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडावंदन, मग घरी मै.ची तोंडी परीक्षा. प्रश्न १ : गुराबीच्या तोफा नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर का?
"परदेशी मोठ्या जहाजांच्या बहुतेक तोफा कुशीत, म्हणजे दोन्ही बाजूंना. त्यामुळं त्यांच्या कुशीसमोर जायचंच नाही. मागून गाठायचं आणि नाकाडावरच्या तोफा डागायच्या."
प्रश्न २ : आणि ती जहाजं अंगावर आली तर?
"पळायचं. गुराबीचा तळ उथळ, खाडीत शिरते. मोठं जहाज मागं आलं तर रुततं."
पळायची सोय आहे हे ऐकून फार बरं वाटलं. विचारलं, आताच्या युद्धनौकांनाही खाडीत शिरता येतं का? "नाही बाबा." मग कशाला जायचं, असं तोंडावर आलं होतं. गुण पैकीच्या पैकी द्यावे लागले.
सौ. आतून : "सही करा की मग." मी पेपर पुढं ओढला.

१९ ऑगस्ट
लतीफभाईंच्या वर्कशॉपवर. तीन पिढ्या लोखंडी दारं-खिडक्या करणारं घर, जहाज पहिलंच. ट्रॉलीवर पाइपांचा सांगाडा उभा, पण डोलकाठ्या जड झाल्यानं सगळं डावीकडं कललेलं. जमलेल्या मंडळींनी माझ्याकडं पाहिलं. मी चष्मा पुसला आणि गंभीरपणे म्हणालो, "तळाशी भार हवा." (बादलीचा उल्लेख टाळला.)
लतीफभाई : "हाव पंडितजी, सकाळपासून हेच सांगून राहिलो. माझं कोन ऐकतं? तुम्ही चष्मा काढून सांगता म्हून ऐकतात."
बापूंनी मिलमधून तूरडाळीची बारा पोती आणवली. जहाज ताठ झालं.

२२ ऑगस्ट
घोळ झाला, तो माझ्याकडून. झेंडे कुठल्या दिशेला फडकते दाखवायचे असं बापूंनी परवा विचारलं होतं. मी बेधडक सांगितलं, "मागच्या." पत्र्याचे अकरा झेंडे कापून, रंगवून, वेल्डिंग करून तयार. आज मै. पाहायला आली. हसली नाही, हे तिचे संस्कार.
"बाबा, शिडं पुढं फुगलीत आणि झेंडे मागं. एका जहाजावर दोन वारे?"
मी म्हटलं, गाडीवरचा झेंडा मागंच जातो. तर म्हणे, "गाडीला इंजिन आहे. इथं मागून येणारा वाराच जहाज ढकलतोय, तो झेंडा उलटा कसा फडकवेल?"
पुन्हा बादली. कागदी होडी, काडीला चिंधी, समोर टेबलफॅन. होडी आणि चिंधी एकाच दिशेला. मी फॅनची जागा दोनदा बदलून पाहिली. आज आंघोळ नाहीच.

२४ ऑगस्ट, रविवार
मंडळाच्या बैठकीत चूक कबूल केली. वाटलं होतं, मोठेपणा दिसेल.
बापू : "न्हाई गुरुजी, आता तुम्ही पोरीच्या नादाला लागून बोलून राहिलात. मोटारसायकलवरचा झेंडा कधी पुढं गेलता का?"
मै. उभी राहिली. "बापूकाका, डाळीचं पोतं उपणणीच्या पंख्यापुढं झटकलंय ना? भुसा वाऱ्याच्या तोंडाकडं येतो का?"
बापूंना पटलं. डाळमिलवाल्याला भुसा कळतो. पण अकरा झेंड्यांचं वेल्डिंग झालेलं. दीड तास चर्चा. ठराव : सर्वांना सोबत घेण्यासाठी सहा झेंडे पुढं, पाच मागं.
लतीफभाई हळूच : "पंडितजी, तुफानात असंच होत असेल."

२७ ऑगस्ट
बाप्पा बसले. देखाव्याला तुडुंब गर्दी. नांदेडच्या दैनिकाला बातमी पाठवली (मी त्यांचा लातूर वार्ताहर). संपादकांचा फोन, "झेंड्यांचं काय गौडबंगाल?" म्हटलं, मतभेद. ते म्हणाले, मग राजकीय पानावर घेऊ का.
मै. रात्री आठपर्यंत जहाजाशी उभी राहून लोकांच्या शंका फेडत होती. एक म्हातारी : "बाई, ह्यात लघवीला कुठं जात्यात?" मै.नं नाकाडाच्या टोकाची जागा दाखवून नीट सांगितलं. म्हातारीचं समाधान झालं. माझं नाही.

३१ ऑगस्ट
शंका संपत आल्या. आज शेवटचं अस्त्र काढलं : "पोहता येतं का?"
"येतं. रेणापूरला, मामाच्या विहिरीत. दहावीच्या सुट्टीत शिकले."
मला पत्ता नाही. सौ.ला होता. "तुम्ही नको म्हणाला असता," सौ. म्हणाली. म्हणालो असतो.

४ सप्टेंबर
मै.ची बॅग भरून झाली. यादीत हवं त्यापेक्षा दोन जोड मोजे जास्त, सौ.नं कोंबलेले. मी डिंकाचे लाडू सुचवले. "बाबा, वजनाची मर्यादा आहे." मग बॅगेची चेन पुन्हा उघडून, "चार द्या."
सहीचा कागद अजून माझ्या टेबलावरच. रोज सकाळी माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचलते, कागद पुन्हा वर ठेवते आणि जाते.

७ सप्टेंबर, रविवार
काल विसर्जन झालं. लतीफभाई सांगाडा सोडवतायत, बापूंची पोती मिलला परत गेली. उद्या पहाटेची गाडी.
संध्याकाळी मै. येऊन समोर बसली. "बाबा, आणखी काही विचारायचंय?"
"नाही."
"मग?"
मी म्हटलं, सही उद्या निघताना करतो. ती उठली. रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

तिला सांगता आलं नाही, इथं लिहितो. मला तोफांची भीती नाही. लढाई होईल असंही फारसं वाटत नाही. दुसऱ्या वर्षी नांदेडला ती तापानं फणफणली होती, तिच्या मैत्रिणीचा फोन आला आणि मी मिळेल ती यष्टी धरली. चार तासांत तिच्या खोलीत होतो. केलं काही नाही, नुसता खुर्चीत बसून राहिलो. आजवर ती जिथं जिथं गेली, तिथं मला असं पोचता आलंय.
जहाजावर ती आजारी पडली तर मला पोचता येणार नाही. एवढीच भीती आहे.