प्रयोगशाळेची किल्ली

मामा,

"वकिलीणबाई, त्या बैठकीत तुझं ऐकतं तरी कोण?" असं तुम्ही विचारलं होतंत. आज काय झालं ते लिहिते.

आज विभागाच्या बैठकीत प्रयोगशाळा सहालाच बंद करायचं ठरत होतं. संशोधक विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी म्हटलं, "आमचे प्रयोग सहाला संपत नाहीत, सर."

विभागप्रमुख हसले. "तुझं अडतंय ना? मग तू ठेव किल्ली. बाकीच्यांचं तुला काय?"

आपल्या घरातली पहिली पदवीधर मी. समोरची वही मिटली. म्हणाले, "मी माझ्या एकटीसाठी इथे बसलेली नाही."

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

सरांनी किल्ली पुढे सरकवली. "काही बिघडलं तर तुम्ही सगळे जबाबदार."

"चालेल, सर."

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही म्हणाल, पोरगी शेफारली. शेफारलेय थोडी.

किल्ली पर्समध्ये ठेवली नाही. आम्हा संशोधक विद्यार्थ्यांच्या खोलीत दारामागे खिळा ठोकला, सगळ्यांत बुटक्या मुलीचाही हात पोचेल इतका खाली, आणि तिथे अडकवून आले.

तुमची,
वकिलीणबाई